बर्फातली बॅटरी

सोनाराच्या दुकानावरून जाताना काही बायकांची पावलं आपोआप मंदावतात. माझं तसं लिथियमच्या सेलबाबत होतं. नव्या सेलचं खोकं आलं की ते उघडेपर्यंत मला चैन पडत नाही. ओळीने मांडलेले गुळगुळीत, बोटभर लांबीचे सेल, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी चकती, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागणारा. मी एकेक उचलून व्होल्टेज मोजते आणि सगळ्यांचा आकडा सारखा आला की मला मनापासून आनंद होतो. नवरा म्हणतो, एवढ्या प्रेमाने तू कधी माझा ताप मोजला नाहीस. आता तापात दशांशानंतर तीन आकडे नसतात, त्याला मी काय करू?

जुन्या पनवेलमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि चाचांचं. चाचा बरीच वर्षं आखातात एसी दुरुस्त करून परत आले आणि इथे त्यांनी इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायचे. एकदा माझ्या स्कूटरची बॅटरी बिघडली म्हणून मी ती घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली, आणि आतला तो नीटनेटका संसार बघून मी जी तिथे खिळले ती दुकान बंद व्हायच्या वेळेलाच हलले. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना गेले. तिसऱ्या दिवशीही. चाचा म्हणाले, "बेटा, रोज येतेसच, तर स्टूल ओढून बस आणि हाताला काम लाव." ते स्टूल काही मी पुन्हा सोडलं नाही. क्लास सुटला, पण विज्ञान सुटलं नाही, उलट आता कुठे ते माझ्या हाताला लागलं.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "लिथियमची बॅटरी आहे ना? मग झालं." अहो, काय झालं? लिथियम हे नुसतं आडनाव आहे. त्या घराण्यात स्वभावाने एकासारखा दुसरा नाही. मोबाइलमध्ये असतो तो कोबाल्टवाला, छोटा पण नाजूक. इलेक्ट्रिक सायकलींमध्ये बहुतेक वेळा असतो तो निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट या तिघांचा, ज्याला सगळे एनएमसी म्हणतात. हा हलका, थोड्या जागेत पुष्कळ दम, पण डोकं गरम. त्याला ऊन, मार, ओल काही सोसत नाही. आणि मग आहे तो लोह-फॉस्फेटवाला, एलएफपी. जड, जागा जास्त खाणारा, दिसायला गबाळा, पण शांत. कितीतरी वर्षं रोज चार्ज करा, रोज वापरा, तक्रार नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला एवढ्या तावातावाने सांगते की चाचा मागून हळूच म्हणतात, "बेटा, त्याला फक्त वायर जोडून हवीय."

तर माझ्या या वेडाची खरी परीक्षा घेतली माझ्या आत्याने.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं माहेर गव्हाणचं. आत्याला दिली पनवेलात. ती मासे विकते. पहाटे बाजारात माल घ्यायचा आणि नवीन पनवेल, सुकापूर असं करत दारोदार फिरायचं, हा तिचा लग्नानंतरचा सगळा जन्म. आधी डोक्यावर पाटी होती. मग गुडघ्यांनी दगा दिला. रिक्षावाले माशाची पाटी बघितली की मान फिरवतात. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, कंटेनर यार्डात कामाला. तो म्हणाला, आता घरी बस. आत्याने दोन दिवस घरी बसून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, तुजी ती करंटवाली सायकल मना चालंल का?"

चालेल का? मी जवळजवळ नाचलेच. लहानपणी आत्या माझ्या वडिलांची सायकल चोरून चालवायची, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आम्ही तिच्यासाठी एक वापरलेली इलेक्ट्रिक सायकल शोधली. खाली वाकलेली दांडी, म्हणजे साडीत बसता यावं अशी, जाड टायर, मूठ पिळली की पायडल न मारता चालणारी. मागे भक्कम कॅरिअर, त्यावर थर्माकोलची पेटी. दांडीवर एनएमसीची बॅटरी, चावी फिरवून काढता येणारी. पहिल्या दिवशी आत्या सायकलवर बसून बाजारातून गेली तेव्हा बाकीच्या कोळणींनी तिला असं काही डोक्यावर घेतलं की तिने गल्लीत उगाच आणखी एक फेरी मारली.

हँडलवर एक छोटा मीटर होता. त्यावर बॅटरीच्या काड्या दिसायच्या. आत्याला वाचता फारसं येत नाही, पण काड्या कळतात. तिने त्यावर आपला धंदाच बसवला. काड्या भरलेल्या असेपर्यंत सुकापूरच्या पुढच्या इमारती. निम्म्यावर आल्या की परतीची वाट, वाटेतल्या ठरलेल्या घरांना हाक. दोनच राहिल्या की उरलेली कोलंबी मिळेल त्या भावाला देऊन सरळ घर. घड्याळ बघून धंदा करणारी माणसं मी पाहिली होती, व्होल्टेज बघून मासे विकणारी माझी आत्या पहिलीच. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

पण उन्हाळा लागला आणि सायकल दगा द्यायला लागली. भर रस्त्यात बंद. आत्या मुलाला फोन करायची, तो कामावरून रजा टाकून यायचा, सायकल टेम्पोत घालायचा, आईला घरी सोडायचा. एकदा झालं, परत झालं. नंतरच्या खेपेला तो सायकल घेऊन थेट आमच्या दुकानात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, मी तुजा मान ठेवतो म्हून सांगतो. आणखी एकदा जरी आय रस्त्यात अडकली ना, तर मी ही सायकल विकून टाकणार. गाड्या कशा जातात बगतेस ना? तिला काय झालं तर मी काय करू?"

त्याचा आवाज चिडका होता, पण डोळे घाबरलेले होते. आत्या बाजूला उभी राहून पदराचं टोक पिळत होती. एरवी बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाई! ही सायकल गेली की तिचं फिरणं गेलं, आणि फिरणं गेलं की आत्या उरणार किती, ते आम्हाला दोघींनाही कळत होतं.

"बॅटरी ठेवून जा," मी म्हणाले. "मी बघते."

तो गेल्यावर मी स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आणि दुकानभर जो वास सुटला, तो मी जन्मात विसरणार नाही.

चाचा नाकाला रुमाल लावून वाकले. "या अल्लाह! ही बॅटरी हाय का बोंबील?"

आत निकेलच्या पट्ट्यांवर हिरवट चिकट थर बसला होता. काही सेलच्या कडा गंजलेल्या. एका कोपऱ्यात, देवाशपथ सांगते, माशाचं खवलं चिकटलेलं. मी हाताचा पंजा वरून धरून बघितला; एक बाजू कोमट लागत होती. चार्जर लावलेला नाही, सायकल चालत नाही, आणि पॅक आपला आतल्या आत तापतोय, म्हणजे कधीही पेट घेईल! चाचांनी एक क्षण घालवला नाही. त्यांनी जाड हातमोजे चढवले, पॅक उचलला आणि मागच्या अंगणात मोकळ्या जागेत वाळूने भरलेल्या पिंपात ठेवला. आम्ही दोघं लांब उभे राहून त्याच्याकडे बघत राहिलो. आत्याही बघत होती. सुदैवाने धूर निघाला नाही, पण संध्याकाळपर्यंत त्या पिंपाजवळ आम्ही कुणाला फिरकू दिलं नाही.

"आत्या, या बॅटरीत मिठाचं पाणी गेलं कसं?"

"पानी? पानी कसं जाईल? मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची."

"कुठे ठेवायचीस?"

"बर्फात," आत्या म्हणाली. सरळ, साध्या आवाजात, जणू मीठ कुठे ठेवतेस असं मी विचारलं होतं. "तूच बोलली ना, हिला ऊन लागू देव नको, तापली का खराब व्हते. सोसायटीच्या आत सायकल घेव देत नाय. भायेर उन्हात किती वेळ ठेवू? म्हून काढायची आन् पापलेटच्या बाजूला ठेवायची. माल ताजा राहतो तर ही नाय राहणार?"

चाचा हसायला लागले, मग मी, आणि शेवटी आत्याही, तोंडावर पदर धरून. अख्ख्या जगात बॅटरीच्या हजार चुका होत असतील. पण तिला पापलेटच्या शेजारी बर्फात निजवायची चूक करायला कोळीणच हवी! आणि तिचा हिशोब तिच्या बाजूने पक्का होता. ज्या वस्तूला उष्णतेचं वावडं ती बर्फात, हेच तर ती आयुष्यभर करत आली होती. बर्फ वितळतो, त्यात माशाचं खारं पाणी मिसळतं, पिशवीची गाठ कधी ना कधी सुटते. शिवाय अशी गारठलेली बॅटरी घरी नेऊन लगेच चार्जिंगला लावली की ती आतून खंगत जाते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हसून झाल्यावर ती गंभीर झाली. "बाय, पोरगा खरंच विकंल."

"नाही विकणार," मी म्हणाले, आणि माझ्या अंगात आलं.

त्या क्षणापासून पुढचे काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. आत्याला बॅटरी कुठली हवी? पुन्हा एनएमसी द्यायची, तर हलकी पडेल, जुन्या खाचेत बसेल, पण ऊन, खारं पाणी, खड्डे हे तिचं रोजचं जग, आणि त्या स्वभावाला ते झेपणार नाही. जुन्या सायकलींमध्ये नुसत्या मँगनीजवाल्या बॅटऱ्या यायच्या. त्या स्वस्त, पण तापल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. टायटेनेटवाल्या असतात, भराभर चार्ज होणाऱ्या आणि कधी न मरणाऱ्या, पण त्यांच्या वजनाने आत्याऐवजी बॅटरीच सायकलवर बसली असती. सगळ्या वाटा एकाच दाराशी येत होत्या. लोह-फॉस्फेट! जड? असू दे, ओढायला मोटर आहे. मोठी? जागा करू. पण शांत. उन्हात उभी राहिली तरी बिथरणार नाही, अशी.

चाचांना मी हे सगळं सांगत होते तेव्हा मी हातवारे करत असावे, कारण त्यांनी माझ्या हाताजवळचा चहाचा ग्लास काढून घेतला. "माशाल्लाह," ते म्हणाले, "निवडणुकीला उभी राहा तू."

जाडे गोल सेल मागवले, मोठ्या टॉर्चमध्ये बसतील एवढे. आले तेव्हा मी खोकं उघडून बसले आणि मोजत सुटले. एका सेलचा व्होल्टेज एनएमसीपेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच मोटरला सेल जास्त जोडावे लागतात. चार्जरही वेगळा लागतो, जुना चालत नाही. एकसारखे सेल एका ओळीत, पट्ट्यांचं वेल्डिंग करताना छोट्या ठिणग्या, प्रत्येक टाका ओढून बघायचा, मग सगळ्यांवर लक्ष ठेवणारा बीएमएसचा सर्किट बोर्ड, त्याच्या बारीक तारा प्रत्येक जोडावर. आत्या दुपारी धंदा नसल्यामुळे येऊन बसायची. सेलच्या मध्ये आम्ही घालतो तो जाड कागद तिने हातात घेऊन विचारलं, हा कसला. त्याला आमच्या धंद्यात फिश पेपर म्हणतात. हे ऐकून तिने तो नाकाला लावला आणि खोटारडे आहात म्हणून परत दिला.

मला त्या दिवसांत इतकी मजा आली की रात्री झोप लागेना. चाचांनी पत्र्याची पेटी बनवून घेतली, सांध्यांना रबर लावलं, आणि ती पुढे दांडीच्या त्रिकोणात बोल्टने अशी आवळली की पान्याशिवाय निघणार नाही. "आता ठेव बर्फात!" ते आत्याला म्हणाले. माशाच्या पेटीलाही त्यांनी खालून नळी लावली, म्हणजे वितळलेलं पाणी मागच्या चाकाच्या मागे पडेल, बॅटरीकडे येणार नाही.

एकच गोष्ट राहिली. मीटर. जुना मीटर व्होल्टेज बघून काड्या दाखवतो. एनएमसीचा व्होल्टेज वापराबरोबर हळूहळू उतरत जातो, म्हणून काड्याही एकेक करून कमी होतात. लोह-फॉस्फेटचं तसं नाही. त्याचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एका जागी टिकून राहतो आणि मग एकदम घसरतो. म्हणजे जुन्या मीटरवर काड्या भरलेल्या दिसत राहणार, दिसत राहणार आणि मग अचानक सगळ्या गायब. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा मीटर लागतो, किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली ते मोजणारा. तो मी मागवला होता, पण यायचा होता.

"तोपर्यंत काड्या बघायच्या नाहीत," मी आत्याला बजावलं. "सुकापूर करायचं आणि मागे फिरायचं. काड्या काही का दाखवेनात."

"मंग काड्या हायत कशाला?"

"नाहीतच असं समज."

आत्याने मान हलवली. ज्या काड्यांवर तिने आपला अख्खा दिवस बसवला होता, त्या नाहीत असं समजणं तिला जमणार होतं का, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली खुशीत होते.

पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. आत्या रोज दुकानावरून जाताना घंटी वाजवायची. सायकल पहिल्यापेक्षा जड झाली होती, पण उड्डाणपुलाचा चढ ती न कुरकुरता चढायची. चाचा ओट्यावर येऊन तिला सलाम करायचे. आतेभाऊ मात्र ती पुन्हा कधी बंद पडते याची वाट बघत होता.

मग एका दुपारी तो दुकानात आला. हेल्मेट हातात, चेहरा उतरलेला.

"ताई, आय फोन उचलत नाय. एव्हाना घरी असते ती."

मी तशीच त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. सुकापूरला पहिल्याच सोसायटीच्या दारात विचारलं. तिथली रोजची गिऱ्हाईक असलेली एक बाई गॅलरीतून म्हणाली, "अहो, त्या शिरढोणला गेल्या! माझं माहेर तिथलं. मी सहज म्हटलं, तिकडे ताजे मासे मिळत नाहीत. तर म्हणाल्या, काड्या अजून भरलेल्या आहेत, जाऊन येते."

काड्या भरलेल्या आहेत! मी कपाळाला हात लावला.

हायवेच्या कडेने आम्ही निघालो. ट्रेलर, डंपर, धूळ, रणरणतं ऊन. प्रत्येक झाडाखाली, प्रत्येक टपरीशी माझी नजर तिची सायकल शोधत होती. आतेभाऊ एकदाच बोलला, मान न वळवता. "मी बोललो होतो, ताई. आता बस." बॅटरी उत्तम होती, जोडणी उत्तम होती, आणि आत्या कुठेतरी उन्हात, दुखरे गुडघे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. शिरढोणची कमान दिसेपर्यंत मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होते, आणि एरवी मी ते कधी घेत नाही.

गावात शिरल्यावर विचारावं लागलं नाही. एका घरासमोर पाच-सहा बायका जमल्या होत्या. पडवीत आत्याची सायकल उभी, खिडकीतून ओढलेली वायर तिच्या पिशवीतल्या चार्जरला, चार्जरचा दिवा लाल. आणि शेजारच्या पायरीवर आत्या, पाय लांब करून, गुडघ्यावर ओलं फडकं, हातात चहाची बशी. माशाची पेटी उघडी होती. आत बर्फाच्या तुकड्यांशिवाय काही नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला. पण मी बोलायच्या आत आतेभाऊ पुढे झाला.

"आये, फोन?"

"पिशवीत हाय. हात माशाचे हुते."

"बंद पडली ना?"

"पडली," आत्या म्हणाली. तिने काही लपवलं नाही. "गावाच्या तोंडाशी आली आन् सगळ्या काड्या एकदम गेल्या. मंग ढकलत आली. जड हाय मेली. ढकलता ढकलता हाका मारल्या. गाडीवर असती तर भुर्रकन गेली असती, चालत हुती म्हून प्रत्येक दारातली बाय भायेर आली. समदा माल संपला."

तिच्या गुडघ्याकडे त्याचं लक्ष गेलं. फडक्याखाली तो टम्म सुजला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता तो काय बोलणार आहे. त्याने तोंड उघडलंही. "आये, मी बोललेलो. आणखी एकदा..."

"तुमी यांचे कोन?" घरातली म्हातारी बाई मध्येच म्हणाली. तिनेच चहा दिला असावा, तिच्या हातात किटली होती.

"मुलगा."

"मंग बरं झालं आलाव. यांना सांगा, येताना कोलंबी आना. आज आमच्या वाटनीला नाय आली. आन् चार्जिंगची काळजी नको. आमच्या पडवीत लाईट हाय."

बाकीच्या बायका लगेच बोलायला लागल्या. कुणाला बोंबील हवे होते, कुणाकडे पाहुणे येणार होते, एकीने तर त्याला विचारलं, तुमच्या आई कुठल्या वारी येतील ते तुम्हीच सांगून टाका. आतेभाऊ मधोमध उभा. हेल्मेट या हातातून त्या हातात. सगळ्या बायका त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू मासे आणायचं काम त्याच्याच शब्दावर अडलं आहे. एकटी आत्या त्याच्याकडे बघत नव्हती. ती बशीकडे बघत होती.

हात त्याच्या खांद्यावर ठेवून काहीतरी बोलावं, बॅटरीचा काही दोष नाही, मीटरचा आहे, असं समजावावं, असं मला शंभरदा वाटलं. आयुष्यात बॅटरीच्या विषयावर मी गप्प राहिले असं तेवढंच एकदा.

तो सायकलीजवळ गेला. वाकून त्याने चार्जरवर हात ठेवून बघितला, तापलाय का ते. मग पेटीचे बोल्ट, मग मागची नळी. मग तो उठला आणि मला म्हणाला, "ताई, तो नवीन मीटर कवा येनार?"

"या आठवड्यात," मी म्हणाले.

"तवर आय हिकडं येनार नाय." मग बायकांकडे वळून तो म्हणाला, "मीटर आला का येईल. कोलंबी घेऊन."

आत्याने बशी खाली ठेवली. मग पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मला मात्र रडूही येत होतं आणि हसूही, आणि मी दोन्ही लपवलं नाही.

घरी जाण्यापुरती बॅटरी भरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. आतेभावाने आईला म्हटलं, तू माझ्या मागे बस, सायकल ताई आणील. आत्या म्हणाली, "हिला माजी सायकल येत नाय," आणि सुजलेला गुडघा घेऊन स्वतः चढली. मूठ पिळली आणि निघाली. आम्ही मागून मोटरसायकलवर. सर्व्हिस रोडला लागल्यावर तिने हात हलवून खूण केली, जा तुम्ही पुढे. आतेभाऊ गेला नाही. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एक टेम्पोवाला शिवी देऊन गेला. त्याने इंडिकेटर चालू ठेवला, गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली आणि पनवेलपर्यंत आईच्या मागे चालवत राहिला. एकदाही पुढे काढली नाही.